रक्तातली वारसनोंद

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरातला कर्ता माणूस गेला की तेरावा होतो न होतो तोच एक विषय निघतो. सात-बाऱ्यावर वारसांची नावे केव्हा लावायची? तलाठ्याकडे अर्ज जातो, नोटिसा निघतात, हरकती ऐकल्या जातात आणि मंडल अधिकाऱ्याच्या सहीने फेरफार मंजूर होतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालच्या गुंठ्या-गुंठ्याचा हा हिशेब किती काटेकोरपणे ठेवला जातो, हे या भागातल्या कार्यकर्त्याला सांगायला नको. महसुली इंग्रजीत या फेरफाराला म्युटेशन म्हणतात, आणि जनुकात होणाऱ्या बदलाला जीवशास्त्रज्ञही तोच शब्द वापरतात. योगायोग केवळ शब्दाचा आहे. परंतु जमिनीच्या वारशाची इतकी चोख नोंद ठेवणाऱ्या समाजात रक्तातून उतरणाऱ्या वारशाची नोंद कोणीच ठेवत नाही, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. आजोबा अंगाला सूज येऊन गेले, चुलते रक्तदाब वाढून अर्धांगाने गेले, वडिलांची शेवटची दोन वर्षे डायलिसिसवर गेली आणि आता थोरल्या मुलाच्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी दिसल्या. अशी तीन पिढ्यांची हकिकत एकाच घरात असू शकते आणि तरीही ती एका कागदावर कधी येत नाही. प्रत्येक पिढी आपले दुखणे नव्याने, एकट्याने आणि कर्ज काढून सोसते.

मूत्रपिंडाचे सगळेच आजार वारशाने येत नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आज मूत्रपिंडे निकामी होण्याची फार मोठी कारणे आहेत. पण त्यांच्या खालोखाल असा एक गट आहे की ज्याचे मूळ एखाद्या जनुकातील दोषात असते. त्यांतला सर्वांत अधिक आढळणारा विकार म्हणजे मूत्रपिंडात गाठी होण्याचा, ज्याला डॉक्टर पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. जगभरच्या पाहण्यांनुसार साधारण हजार माणसांत एकाला तो असतो. हा विकार आई किंवा बाप यांपैकी एकाला असला तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. या जनुकाचा शोध कसा लागला ती कथा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९८५ साली ऑक्सफर्डमधील स्टीफन रीडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगग्रस्त कुटुंबांच्या रक्तनमुन्यांवरून दाखवले की दोष सोळाव्या गुणसूत्रावर कोठेतरी आहे. गावाचे नाव कळले, घर सापडायला आणखी नऊ वर्षे लागली. १९९४ साली पोर्तुगालमधील एक कुटुंब संशोधकांच्या पाहण्यात आले. त्यातल्या आईला आणि मुलीला मूत्रपिंडाच्या गाठींचा विकार होता आणि त्यांच्या सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून बाविसाव्याशी अदलाबदल झालेला होता. गुणसूत्र जेथे तुटले होते, नेमक्या तेथेच पीकेडी-१ हे जनुक सापडले. चौथ्या गुणसूत्रावरचे पीकेडी-२ हे दुसरे जनुक १९९६ साली हाती लागले. पहिल्यातील दोषाने मूत्रपिंडे सामान्यतः पंचावन्नीच्या आसपास निकामी होतात, दुसऱ्यातील दोषाने बहुधा सत्तरीच्या पुढे. एका शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने या वीस वर्षांचा अर्थ काय होतो, याला स्पष्टीकरणाची गरज नाही.

या संशोधनाचा उल्लेख निघाला की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक मान हलवतात. एक म्हणतो, औषध नाही तर कळून काय उपयोग? दुसरा म्हणतो, ही श्रीमंत देशांची चैन आहे. आमच्या इथे अजून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या मिळत नाहीत. दोघांचेही म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे आणि दोघेही एका प्रसंगाचा विचार करायला विसरतात. तो प्रसंग म्हणजे मूत्रपिंड कोणी द्यायचे हे ठरवण्याचा.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातेवाइकांना अवयवदानाची वाट तुलनेने सोपी ठेवली. आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, पती-पत्नी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे हे त्यात येतात. मृत दात्यांचे अवयव आपल्याकडे फारच थोडे मिळतात. तेव्हा ज्या घरात मूत्रपिंडरोपणाची वेळ येते, त्या घराची नजर घराकडेच वळते. भाऊ कर्ता आहे, त्याला मुले आहेत; धाकटी बहीण पंचविशीची आहे, रक्तगट जुळतो. ती पुढे येते, किंवा तिला पुढे केले जाते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे, हे देशाच्या नोंदींवरून वारंवार दिसून आलेले आहे. त्यामागच्या मायेबद्दल जितके बोलले जाते तितके त्यामागच्या दडपणाबद्दल बोलले जात नाही. आता या बहिणीची सोनोग्राफी होते आणि ती स्वच्छ निघते. परंतु भावाचा विकार वारशाचा असेल तर पंचविशीतल्या स्वच्छ सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसात गाठी दिसल्या नाहीत तर निःशंक म्हणता येते. तरुण वयात, विशेषतः दुसऱ्या जनुकाचा दोष असेल तर, गाठी नंतर उगवतात. अशा वेळी जनुकाची तपासणी केली नाही तर काय होते? तिचे एक मूत्रपिंड भावाला जाते आणि उरलेल्या एकट्या मूत्रपिंडात पुढे तोच विकार वाढत राहतो. एका घरातला एक रोगी वाचवताना दुसरा तयार होतो, आणि भावाला मिळालेले मूत्रपिंडही त्याच दोषाचे असते. या तपासणीला चैन म्हणणाऱ्याने हे त्या बहिणीच्या तोंडावर म्हणून पाहावे.

आईच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. सेसिल आल्पोर्ट या डॉक्टरने १९२७ साली एका इंग्रज कुटुंबाचे वर्णन केले. त्यातल्या पुरुषांना लघवीतून रक्त जाई, कान निकामी होत आणि तरुण वयात मृत्यू येई. बायकांना त्रास सौम्य असे. त्याचे एक प्रमुख जनुक १९९० साली सापडले आणि ते एक्स गुणसूत्रावर आहे हे स्पष्ट झाले. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. म्हणजे ज्या मुलाला या प्रकारचा आल्पोर्टचा विकार आहे त्याची आई बहुतेक वेळा त्या दोषाची वाहक असते, आणि सौम्य स्वरूपात का होईना, तिचीही मूत्रपिंडे धोक्यात असतात. आणि मुलासाठी सगळ्यांत आधी कोण उभे राहते, तर आईच. डॉक्टरने विचारले नाही, तपासणी झाली नाही, तर ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते.

औषध नाही हे म्हणणेही आता तितकेसे खरे राहिलेले नाही. गाठींची वाढ मंद करणारे टोलव्हॅप्टन हे औषध जपानमध्ये २०१४ साली आणि अमेरिकेत २०१८ साली या विकारासाठी मान्य झाले. ते महाग आहे आणि सर्वांना मानवत नाही, हे खरे. परंतु त्याहून स्वस्त उपाय रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा आहे. तरुण वयात, मूत्रपिंडे चांगली असतानाच रक्तदाब कसोशीने खाली ठेवला तर गाठींची वाढ मंदावते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आढळले. त्या गोळ्या तालुक्याच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. पण ज्याला आपण त्या घरातले आहोत हेच ठाऊक नाही, तो विसाव्या वर्षी रक्तदाब मोजायला जाईल कशाला? मुलांच्या बाबतीत तर ज्ञानाचा लाभ याहून थेट आहे. काही मुलांना अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिने जातात, आणि त्यांना महिनोन्महिने स्टिरॉइड दिले जाते. २००० साली पॅरिसमधील संशोधकांनी पोडोसिन या प्रथिनाचे जनुक शोधून काढले. त्यात दोष असणाऱ्या मुलांना स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हेही त्या मागोमाग स्पष्ट झाले. तेव्हा ज्या मुलाचा विकार जनुकाचा आहे, त्याचे तोंड सुजवून, वाढ खुंटवून, हाडे ठिसूळ करून साधायचे काय? एका तपासणीने ही वर्षे वाचतात.

मुतखड्याचेही असेच. इंदापूरच्या बोअरच्या पाण्याला मुतखड्याचा दोष देणे ही लोकांची जुनी सवय आहे आणि पुष्कळदा कमी पाणी व उन्हातले काम हेच त्याचे कारण असते. परंतु पाच-सात वर्षांच्या मुलाला वारंवार खडे होत असतील तर दोष पाण्यात नसून यकृतातल्या एका जनुकात असू शकतो. अशा मुलाला नुसते मूत्रपिंड बदलून दिले तर नवे मूत्रपिंडही खड्यांनी भरते, कारण खड्याचे द्रव्य यकृत तयार करीत राहते. या विकारावर २०२० साली युरोप-अमेरिकेत एक नवे औषध मान्य झाले. त्याची किंमत ऐकून तालुक्याचा डॉक्टर हात जोडतो.

हा शेवटचा विकार आणि लहान मुलांतले असे बरेच मूत्रपिंडविकार दोन्हीकडून दोषी जनुक आले तरच प्रकट होतात. आई आणि बाप दोघेही वरकरणी ठणठणीत वाहक असतात. प्रत्येक मुलाला रोग होण्याचा संभव चारात एक असतो. येथे महाराष्ट्रातील लग्नपद्धतीचा संबंध येतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल या भागात जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन आहे. मामेबहिणीशी लग्न झाले म्हणजे संतती रोगी निघते असे मुळीच नाही. बहुसंख्य मुले निरोगी निघतात. पण घराण्यात एखादे दोषी जनुक असेल तर ते दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव अशा लग्नात वाढतो, एवढे निश्चित. आणि केवळ मामाच्या मुलीवर बोट ठेवून थांबणे हा प्रामाणिकपणा होणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवले होते. त्याचा शरीरशास्त्रीय पुरावा शंभर वर्षांनी आला. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्राचे के. थंगराज आणि अमेरिकेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले. त्यांतल्या ८१ समूहांत थोड्या पूर्वजांपासून झालेल्या उत्पत्तीची छाप फिनलंडच्या लोकांहून किंवा पूर्व युरोपातील ज्यूंहूनही अधिक गडद आढळली. फिनलंडचे नाव येथे उगाच आलेले नाही. त्या देशात लहान बाळांच्या मूत्रपिंडाचा एक विकार इतका आढळतो की त्याला फिनिश प्रकार असेच नाव पडले. तेथील डॉक्टरांनी चर्चच्या जुन्या वह्यांतून रोगी कुटुंबांच्या वंशावळी लावल्या आणि १९९८ साली त्याचे जनुक सापडले.

वंशावळीच्या वह्या महाराष्ट्रातही आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या बाडांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. २०२३ साली राज्य सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी कागद, जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे, शाळांचे दाखले उलथेपालथे केले आणि लाखो नोंदी शोधून काढल्या. त्या खटाटोपाचा राजकीय अर्थ काहीही असो, खापरपणजोबापर्यंत कागद शोधण्याची क्षमता शासनयंत्रणेत आहे एवढे त्यातून सिद्ध झाले. तो खापरपणजोबा कशाने मेला, हा प्रश्न मात्र कोणत्याही नमुन्यात नाही. मौज अशी की याच भागातला शेतकरी उसाच्या बाबतीत वंशशास्त्राचा चांगला जाणकार आहे. नीरेजवळचे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. को-८६०३२ आणि फुले-२६५ यांतला फरक, कोणत्या वाणाचा खोडवा चांगला येतो आणि कोणते बेणे किती पिढ्यांनी बदलावे, हे येथील शाळकरी मुलगाही सांगेल. बारामतीत तर २०२४ पासून उपग्रह आणि संगणकाच्या साह्याने उसाच्या मुळाशी ओल किती आहे हे पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. उसाच्या वाणावर सार्वजनिक पैसा खर्च होतो, यात वावगे काही नाही. तो ऊस पिकवणाऱ्याच्या आणि तोडणाऱ्याच्या रक्तावरही थोडा खर्च व्हावा, एवढेच म्हणणे आहे.

समाजवादी विचाराच्या माणसांना आनुवंशिकतेचे नाव काढताच थोडे अवघडल्यासारखे होते, आणि त्याला कारण आहे. वंशशुद्धीच्या नावाखाली विसाव्या शतकात जे घडले ते कोणीही विसरू नये. पण विरुद्ध दिशेने झालेला घातही विसरता कामा नये. रशियात लायसेंकोच्या नादी लागून जनुकशास्त्राला भांडवली थोतांड ठरवले गेले, आणि निकोलाय वाविलोवसारखा जगातला अव्वल शास्त्रज्ञ १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मेला. त्याची किंमत रशियन शेतीने पुढे कित्येक वर्षे मोजली. याच्या उलट उदाहरण जे. बी. एस. हाल्डेन यांचे. कट्टर मार्क्सवादी म्हणून प्रसिद्ध असलेला हा जनुकशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारला. आंध्रातील नात्यांतल्या लग्नांचा अभ्यास त्याने आपल्या तरुण सहकाऱ्यांकडून करवून घेतला. त्याच्याही आधी, १९४९ साली, मुंबईत डॉ. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी तेथील सहा जातिसमूहांच्या आनुवंशिक लक्षणांची तुलना केली होती. १९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्ताचा एक नवाच प्रकार सापडला; तो आजही जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. ही सर्व कामे सार्वजनिक संस्थांत, तुटपुंज्या पैशांत झाली. तेव्हा हे शास्त्र परके नाही आणि प्रतिगामीही नाही. ते कोणाच्या हाती आहे, हा खरा मुद्दा आहे.

तो मुद्दा उसाच्या फडात सर्वांत तीव्र होतो. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. या कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत वाकून काम. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या फडांत, मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरण्या मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ पासून वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होत आले आहे. आंध्रातील श्रीकाकुलमच्या उद्दानम भागात काजू-नारळाच्या बागांतील शेतकरी-मजुरांत असाच अनाकलनीय आजार पसरला आणि तेथे अखेर २०२३ साली पलासा येथे सरकारी मूत्रपिंड रुग्णालय व संशोधन केंद्र उभारावे लागले. उन्हातले अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि वारंवार होणारे शोष हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. निकाराग्वात एका साखर कारखान्याच्या फडांवर पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती यांचे वेळापत्रक लावल्यावर मूत्रपिंडाची इजा घटल्याचे अभ्यासांत दिसून आले.

अशा ठिकाणी मालकाला सर्वांत सोयीचा शब्द कोणता? आनुवंशिक. मजूर आजारी पडला तो त्याच्या रक्तामुळे, कामामुळे नव्हे. ही केवळ शंका नाही. अमेरिकेतील बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या रेल्वे कंपनीतल्या कामगारांना हातांच्या नसा दबण्याचा त्रास होऊ लागला आणि त्यांनी भरपाई मागितली, तेव्हा कंपनीने त्यांचे रक्त घेऊन, त्यांना न सांगता, त्यात नसांच्या एका दुर्मीळ आनुवंशिक दोषाचा शोध चालवला. समान रोजगार आयोगाने २००१ साली न्यायालयात धाव घेतली आणि पुढच्या वर्षी कंपनीला बावीस लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. येथून काही कार्यकर्ते असा निष्कर्ष काढतील की मग जनुकाच्या वाटेलाच जाऊ नये. तो निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या मूत्रपिंडाचा दोष रक्तात आहे आणि ज्याचा फडात आहे, ती दोन वेगळी करण्याचे साधन जोवर मजुराच्या बाजूला नाही, तोवर मालकाचा शब्द खोडून काढता येत नाही. ज्याच्या जनुकांत ज्ञात दोष सापडत नाही, ज्याच्या घरात हा आजार नाही आणि ज्याने दहा हंगाम ऊस तोडला आहे, त्याच्या मूत्रपिंडाचा जाब मग कामाच्या परिस्थितीलाच द्यावा लागेल.

मालकीचा प्रश्न प्रयोगशाळेतही आहे. मानवी जनुकसंचाच्या वाचनाच्या काळात, १९९६ साली, सार्वजनिक प्रयोगशाळांनी बर्म्युडा येथे ठरवले की वाचलेला मजकूर शक्यतो चोवीस तासांत सर्वांसाठी खुला करायचा. जॉन सल्स्टन यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यासाठी हट्टाने उभे राहिले, म्हणून तो मजकूर कोणा कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. तरीही स्तनाच्या कर्करोगाच्या दोन जनुकांवर एका अमेरिकी कंपनीने पेटंट घेतले होते. नैसर्गिक जनुकावर पेटंट देता येत नाही असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१३ साली. भारत सरकारच्या जीनोम इंडिया योजनेने दहा हजार लोकांच्या जनुकसंचाचे वाचन २०२४ साली पुरे केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या सरकारी केंद्रातून संशोधकांना उपलब्ध केली. हे स्वागतार्ह आहे. पण ते नमुने निरोगी लोकांचे आहेत. त्याच्या शेजारी रोगग्रस्त कुटुंबांची नोंद ठेवल्याशिवाय कोणता बदल निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे ठरत नाही. ती नोंद इंदापूरच्या वाडीवस्तीतूनच यावी लागेल.

आणि येथे लोकांची भीती खोटी नाही. घरात असा आजार आहे हे कळले की मुलीचे स्थळ मोडते. विम्याचा एजंट फिरकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोग्यविम्यातून आनुवंशिक विकार सरसकट वगळणे भेदभावाचे आहे असा निकाल दिला आणि पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना तसे कलम घालू नये असे बजावले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेत २००८ पासून नोकरी आणि आरोग्यविम्यातील जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. भारतात असा कायदा नाही, आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही जनुकीय माहितीला वेगळा दर्जा दिलेला नाही. साखरपट्ट्याला तर तंत्रज्ञानाचा एक कडू अनुभव आहे. सोनोग्राफी आली ती रोग शोधायला आणि वापरली गेली मुली शोधायला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ साली ९१३ होते ते २०११ साली ८९४ वर आले. जनुकतपासणी उद्या खासगी दवाखान्यांच्या पाटीवर झळकेल तेव्हा ती कोणाला कशासाठी विकली जाईल, याचा विचार आजच केला पाहिजे.

पैशाचे गणित अवघड नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस म्हणजे वर्षाला १०४ दिवस, बरोबर एक माणूस धरला तर २०८ माणूस-दिवस. वैद्यकीयदृष्ट्या योग्य अशी तीनदा केली तर ३१२. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांचे काम देऊ केले होते. हा आजार त्याहून दुप्पट-तिप्पट दिवस त्या कुटुंबाकडून काढून घेतो. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने गरिबांना डायलिसिस मोफत केली, पण एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी त्यात नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत २०२३ साली मूत्रपिंडरोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणात मूत्रपिंडाच्या गाठींचे दोन्ही आनुवंशिक प्रकार प्रत्यारोपणाच्या गटात घातलेले आहेत, आणि मदतीची मर्यादा २०२२ साली पन्नास लाखांपर्यंत गेली. मात्र त्यासाठी ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांतच जावे लागते, आणि आरंभीच्या यादीत महाराष्ट्रातले एकच नाव होते, मुंबईचे के. ई. एम. इंदापूरहून ते जवळजवळ तीनशे किलोमीटर. किती कार्यकर्त्यांना या तरतुदीची माहिती आहे?

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू आहे. तेथे महिन्यातून दोन दिवस आनुवंशिक रोगांचा बाह्यरुग्ण विभाग चालवणे, रक्तनमुने के. ई. एम. किंवा हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवणे, आणि कुटुंबाला निकाल समजावून सांगणारा एक प्रशिक्षित माणूस नेमणे, याला कोट्यवधी लागत नाहीत. फुले योजनेच्या यादीत रोपणापूर्वी दात्याची जनुकतपासणी स्पष्ट शब्दांत लिहिली गेली पाहिजे, आणि दाता स्त्री असेल तर तिच्याशी नातेवाइकांच्या पाठीमागे, एकटीशी बोलण्याची अट हवी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे सरकारने ठरवले आहे; दहा लाख टन गाळप करणारा एक कारखाना धरला तरी त्याचे एक कोटी होतात. हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस टोळीतल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने पट्टीने तपासायला त्याचा अल्पसा भागही पुरेल, आणि एकाच माणसाच्या दोन तपासण्यांतील फरक हाच फडाविरुद्धचा पहिला पुरावा असेल.

कार्यकर्त्यांनी रक्त गोळा करण्याच्या भानगडीत पडू नये. ते डॉक्टरांचे काम आहे. डायलिसिसच्या खाटेशेजारी बसून तीन पिढ्यांची हकिकत मात्र कोणालाही विचारता येते. आजोबा, चुलते, आत्या, मावशी कशाने गेले, कोणत्या वयात, लग्न नात्यात झाले का, घरात कोणाला लहानपणापासून ऐकू येत नाही का, मुलाला खडे होतात का. हा कागद रोग्याच्याच हाती द्यावा, पक्षाच्या कचेरीत ठेवू नये. गळीत हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे आणि कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांकडे निवेदने त्याआधी गेली पाहिजेत.